सात माणसांची जुनी गाडी घेताना : पाहायला सुरुवात तिसऱ्या रांगेपासून करा

आमच्या नागपूरच्या घरात सात माणसं. आई, बाबा, काकू, आम्ही दोघं नवरा-बायको, बारा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. शेगाव असो, रामटेक असो की वर्ध्याचं लग्न, दर वेळी एक गाडी आपली आणि एक भाड्याची. नवीन सात सीटर आवाक्यात नव्हती, म्हणून जुनी घ्यायचं ठरलं. चार महिन्यांत आम्ही चौदा गाड्या पाहिल्या आणि त्यातल्या एकीत फसता फसता वाचलो.

ती गाडी पांढरी, चकचकीत होती. विकणारा म्हणाला, "भाऊ, मक्खन गाडी आहे, डॉक्टरसाहेबांची." मी बोनेट उघडून पाहिलं, चालवून पाहिली आणि वीस हजार रुपये टोकन देऊन आलो. दुसऱ्या दिवशी घरच्यांना दाखवायला नेलं. मुलगी मागच्या सीटवर जाऊन बसली आणि तिची केसांची क्लिप सीट आणि बाजूच्या पॅनलच्या फटीत पडली. काढायला हात घातला तर बोटांना वाळलेला, मैद्यासारखा बारीक गाळ लागला. तिथला सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला. शेवटची हातभर पट्टी मातकट आणि कडक झालेली होती. आरसीवरचा पत्ता अंबाझरीच्या खालच्या वस्तीतला निघाला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, तेव्हा घरांसमोर आणि पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या बुडाल्या होत्या. मूळ मालकाला फोन करून सरळ विचारलं, त्यांनी कबूल केलं. टोकन परत मिळवायला मात्र दीड महिना लागला.

त्या दिवसापासून मी गाडी मागून पाहायला लागलो. विकणारा माणूस आपली नजर जिथे जाते तिथे पॉलिश मारतो: बोनेट, डॅशबोर्ड, पुढच्या सीटा, अलॉय व्हील. तिसऱ्या रांगेकडे सहसा कोणी फिरकत नाही, म्हणून गाडीचा खरा इतिहास तिथेच शिल्लक असतो. शिवाय पाच सीटर सोडून आपण सात सीटर घेतोय ती त्या रांगेसाठीच.

१. आधी घरात बसून माणसं मोजा

कोण कुठे बसणार हे गाडी पाहायला जाण्याआधी कागदावर लिहा. आमच्याकडे हा कागद लिहिताना निम्म्या गाड्या यादीतून गेल्या.

आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिला मधल्या रांगेतच बसवायचं. मुलाची चाइल्ड सीटही मधल्या रांगेतच लागते, कारण ती अडकवायचे आयसोफिक्सचे हुक बहुतेक गाड्यांत तिथेच असतात. आता अडचण अशी, की तिसऱ्या रांगेत जायला मधली सीट दुमडावी लागते आणि चाइल्ड सीट लावलेली असली की ती बाजू दुमडता येत नाही. काही गाड्यांत एका झटक्यात दुमडणारी सीट फक्त डाव्या बाजूला असते. म्हणजे चाइल्ड सीट उजवीकडे लावणं भाग आणि आई मधे किंवा डावीकडे. ती डावीकडे बसली, की मागच्याला उतरायचं असलं तर आधी आईनं उतरायचं. हे गाडी घेतल्यावर लक्षात आलं असतं तर रोजची कटकट झाली असती.

मधे दोन वेगळ्या सीटा असलेली सहा सीटर, म्हणजे कॅप्टन सीटवाली, चढा-उतरायला सोपी पडते, मधल्या वाटेनं मागे जाता येतं. पण सात माणसांच्या घराला ती पुरत नाही. "एक लेकरू मांडीवर घेऊ" हा विचार मनातून काढून टाका. आरसीवर जेवढी आसनक्षमता लिहिलेली असते ती ड्रायव्हर धरून असते, आणि प्रत्येक माणसाला बेल्ट हवा, लहान मुलालाही.

२. कोणत्या गाड्या पाहायच्या

आपल्याकडे उंच दिसणाऱ्या प्रत्येक सात सीटरला एसयूव्ही म्हणतात. फरक खालच्या ढाच्यात असतो. इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ या गाड्यांची बॉडी स्वतंत्र चेसिसवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर बसवलेली आहे. एक्सयूव्ही ५००, एक्सयूव्ही ७००, २०२१ नंतरची सफारी, अल्काझार, हेक्टर प्लस, कॅरेन्स, एर्टिगा, इनोव्हा हायक्रॉस यांची बॉडी आणि चेसिस एकच, म्हणजे मोनोकॉक. मोनोकॉक गाडी रस्त्यावर कारसारखी चालते, आणि स्वतंत्र चेसिसच्या गाड्यांपेक्षा तिच्यात चढायला साधारणपणे कमी पाय उचलावा लागतो. घरात म्हातारी माणसं असतील तर माझं मत मोनोकॉककडेच झुकतं. पण मोठा अपघात झालेली मोनोकॉक पुन्हा मूळ मापात आणणं फार कठीण, म्हणून तिच्यात अपघाताची तपासणी जास्त कसून करा.

डिझेल की पेट्रोल, याचं उत्तर तुमच्या रोजच्या वापरात आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक आलं आणि डिझेल गाड्यांमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला. तो स्वतःला साफ करायला लांब, सलग धाव मागतो. रोज धरमपेठ ते सिताबर्डी एवढंच चालवणार असाल तर तो तुंबतो, आणि बदलायचा म्हटला तर खर्च मोठा. महिन्यातून दोनदा अमरावती, चंद्रपूर, छिंदवाडा होत असेल तर डिझेल बिनधास्त घ्या.

३. घरबसल्या कागद तपासा

गाडीचा नंबर मिळाला की पेट्रोल जाळण्याआधी सरकारी एमपरिवहन ॲपवर टाका. हे पाहा:

- मालक कितवा आहे, नोंदणीची तारीख काय, गाडी बनल्याचा महिना कोणता
- बँकेचा बोजा आहे का
- विमा आणि पीयूसी चालू आहेत का
- गाडी खासगी आहे की कधी टॅक्सी परमिटवर होती
- ब्लॅकलिस्टचा शेरा आहे का

ई-चलान वेगळं तपासा. आम्ही पाहिलेल्या एका गाडीवर अकरा चलान थकलेली होती, बहुतेक वेगाची. दंडाचं तर झालंच, पण गाडी कशी चालवली गेली तेही त्यातून कळलं.

नंबरप्लेटही वाचा. एमएच-३१ म्हणजे नागपूर शहर, एमएच-४९ पूर्व नागपूर, एमएच-४० नागपूर ग्रामीण. महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या आरटीओची, समजा पुण्याची एमएच-१२, गाडी असली तर नंबर तोच राहतो. पण नागपूरच्या बाजारात मध्य प्रदेशच्या एमपी-२८, छत्तीसगडच्या सीजी-०४ आणि दिल्लीच्या गाड्या भरपूर येतात आणि भाव ऐकून मन डळमळतं. तिथली एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला लागतो, इथे रोड टॅक्स नव्यानं भरावा लागतो, नवीन एमएच नंबर घ्यावा लागतो. महाराष्ट्रात नव्या खासगी डिझेल गाडीचा टॅक्स किमतीप्रमाणे १३ ते १५ टक्के आहे. जुनीला वयानुसार कमी बसतो, तरी रक्कम लहान नसते. हा आकडा आरटीओतून काढल्याशिवाय परराज्यातल्या गाडीचा भाव स्वस्त समजू नका. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे वळल्या आहेत, तेव्हा वय नीट मोजा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे फेरनोंदणी आणि हरित कर.

१ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे जास्त सुरक्षेची नंबरप्लेट बसली आहे का पाहा. नसेल तर विकणाऱ्यालाच आधी बसवायला लावा, त्याशिवाय नाव बदलायचं काम अडतं.

४. जाताना सोबत काय न्यायचं

- चांगला टॉर्च (मोबाइलचा पुरत नाही)
- लहान चुंबक, पातळ कापडात गुंडाळून
- पांढरा रुमाल
- मापाची टेप
- स्वयंपाकघरातलं किंवा हवेचं तापमान मोजणारं थर्मामीटर
- ओबीडी स्कॅनर, गाडीच्या संगणकात नोंदलेले बिघाड वाचणारा. ब्लूटूथवाला लहान मिळतो, मोबाइलला जोडता येतो
- प्रवासाला नेता ती मोठी बॅग, रिकामी चालेल
- घरातली सगळी माणसं. पहिल्या भेटीला नाही, दुसऱ्या भेटीला

पहिल्या भेटीला सकाळी जा. संध्याकाळी आणि पावसात रंगातला फरक दिसत नाही.

५. मागून सुरुवात : तिसरी रांग आणि डिकी

डिकी उघडा. दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का पाहा. दार वर गेल्यावर आपोआप थांबतं की डोक्यावर येतं? रबरी बीडिंग हातानं ओढून काढा. ती सहज निघते आणि सहज बसते, विकणाऱ्यानं नाही म्हणायचं कारण नाही. आतल्या कडेवर कंपनीचे स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके ठरावीक अंतरावर दिसले पाहिजेत. ठिपके गायब असतील, तिथे पुट्टी किंवा जाड रंग असेल, तर मागून ठोकलेली गाडी. डिकीतला गालिचा उचला, खालचा पत्रा चुरगळून सरळ केल्यासारखा लाटालाटांचा वाटतो का पाहा. बिजागरीच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर दार कधीतरी काढलेलं आहे.

आता पाणी. पुरातली गाडी ओळखायला हीच जागा सगळ्यात प्रामाणिक.

तिसऱ्या रांगेचे सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा आणि पांढरा रुमाल त्यावरून फिरवा. सीटांखालच्या लोखंडी रुळांवर, बोल्टवर गंज पाहा. नागपूरच्या कोरड्या हवेत सहा-सात वर्षांच्या गाडीत आतल्या बोल्टांना भरपूर गंज चढायला कारण नसतं. जॅक आणि पाना ठेवायच्या कप्प्यात टॉर्च मारा. मागच्या दिव्यांच्या काचेत आतून पाण्याची रेघ आहे का पाहा. बाजूच्या पॅनलमधल्या फटीत बोट घाला, जसा माझा योगायोगानं गेला होता. गालिचाच्या टोकाखाली वायरिंगच्या जोडण्या दिसतात. त्या हिरवट-पांढऱ्या झाल्या असतील तर गाडी कितीही सुंदर असो, परत फिरा. पाण्यात बुडालेल्या गाडीचं इंजिन दुरुस्त होतं. वायरिंग वर्षभरानं, दोन वर्षांनी एकेक करून त्रास देतं आणि आपण कारण शोधत बसतो. गाडीत गेल्या गेल्या अत्तरासारखा उग्र वास आला तर काचा लावून, एसी बंद ठेवून पाच मिनिटं आत बसा. ओलीचा कुबट वास लपत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे वापर. खासगी गाडीत मागच्या सीटा बहुधा नव्यासारख्या राहतात. ४५ हजार किलोमीटर सांगितलेल्या गाडीत मागच्या सीटचा फोम बसलेला, दुमडायच्या दांड्याचा पट्टा तुटलेला आणि खिडकीखालचं प्लॅस्टिक खरचटलेलं असेल, तर ती भाड्यानं चाललेली असण्याची शक्यता मोठी. पॅडलचं रबर आणि स्टेअरिंगची झीज त्याच्याशी जुळवून पाहा.

नंतर स्वतः मागे बसा. गुडघे छातीला लागतात का, मांडी सीटवर टेकते का, डोक्यामागे हेडरेस्ट आहे का आणि मागची काच किती जवळ आहे? पडद्यासारख्या उघडणाऱ्या बाजूच्या एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत येतात का, हे त्या व्हेरिएंटच्या मालक-पुस्तिकेत पाहा. सगळ्या व्हेरिएंटमध्ये त्या नसतात.

शेवटी तिन्ही रांगा उभ्या ठेवून बॅग डिकीत ठेवा. अनेक गाड्यांत सातही जण बसले की मागे दोन पाठीवरच्या बॅगांपुरतीच जागा उरते. मग टपावर कॅरिअर लागतं. आम्ही टेपनं मापं घेऊन वहीत लिहिली, म्हणून तुलना करता आली.

६. थंड इंजिन

आधीच सांगून ठेवा, "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." पोचल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर कारण विचारा. पहिल्या सेल्फला उचलते का, सुरुवातीला साखळी खडखडल्यासारखा आवाज येतो का, धूर कसला निघतो? क्षणभर फिकट वाफ चालेल. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर डिझेलमध्ये इंजेक्टर किंवा टर्बोकडे बोट दाखवतो.

इंजिन चालू असताना मिस्त्री ऑइलचं झाकण सैल करून बॅक कॉम्प्रेशन पाहतात, म्हणजे इंजिनातला दाब उलटा वर येतो का ते. झाकण हलकं थरथरलं तर ठीक, फुत्कार टाकत उडायला लागलं तर इंजिन थकलंय. कूलंटचं झाकण फक्त थंड असताना उघडा. आत तेलाचा तवंग किंवा दुधी चिखल नको. पुढच्या बाजूचे दोन्ही एप्रन (इंजिनाच्या दोन बाजूंचे आतले पत्रे) आणि रेडिएटरची आडवी पट्टी टॉर्चनं पाहा, डिकीसारखेच ठिपके शोधा. बाहेरच्या पत्र्यावर चुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे, फक्त बंपर आणि प्लॅस्टिकचे भाग वगळून.

७. एसी, आणि तोही मागचा

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, तर दुपारी बाहेर पाऊल ठेववत नाही. इथे एसीची चाचणी इंजिनाइतकीच महत्त्वाची, आणि ती दुपारीच करायची. दुसरी भेट बारा ते तीनच्या मधे ठेवा.

गाडी अर्धा तास उन्हात उभी राहू द्या. मग सगळे जण बसा, एसी पूर्ण करा आणि थर्मामीटर तिसऱ्या रांगेत बसलेल्या माणसाच्या हातात द्या. पुढे थंडगार लागतं म्हणून समाधान मानू नका. काही गाड्यांत मागे नुसता पंखा असतो, पुढची थंड हवा मागे ढकलणारा. काहींत मागे स्वतःची कूलिंग कॉइल असते. पहिल्या प्रकारात पुढची माणसं स्वेटर मागतात आणि मागची घामानं निथळतात. दहा मिनिटांनी मागचा आकडा खाली यायला लागला पाहिजे. सिग्नलवर, गाडी उभी असतानाही तो चढता कामा नये. चढला तर कंडेन्सरचा पंखा, गॅस किंवा कॉम्प्रेसर यांपैकी काहीतरी दुखणं आहे.

मागच्या एसीतही गळती होते, आणि तिथली पाइपलाइन गाडीच्या खालून जाते, म्हणून काढ-घाल महाग पडते. आम्ही एका गाडीबद्दल "गॅस भरला की होईल" हे ऐकून घेतलं असतं. आमच्या मिस्त्रीनं खाली टॉर्च मारून पाइपच्या सांध्यावरचा तेलकट डाग दाखवला. गॅस आपोआप कमी होत नाही, कुठून तरी जातो.

८. भरून चालवा

रिकामी सात सीटर चालवून काही कळत नाही. क्लच, ब्रेक आणि मागचं सस्पेन्शन सात माणसं बसल्यावरच बोलतं. आमचा मार्ग असा होता: आधी वस्तीतला सिमेंटचा रस्ता, मग सेमिनरी हिल्सचा चढ, मग वर्धा रोडवरून आउटर रिंग रोड.

सिमेंट रस्त्याचे सांधे नागपूरकरांना नकोसे वाटतात, पण गाडी तपासायला ते फार कामाचे. काचा वर, म्युझिक बंद, वेग ३०. प्रत्येक सांध्यावर नुसता "धप" आवाज आला तर ठीक. "टक-टक" आला तर सस्पेन्शनमधली स्टेबिलायझर लिंक किंवा लोअर आर्मचे रबरी बुश गेलेत. मागून "ठण" आला तर मागचे शॉकअप. एक माणूस तिसऱ्या रांगेत बसवून त्यालाच कान देऊन ऐकायला सांगा.

चढावर गाडी थांबवून पुन्हा उचला. नंतर सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये, हळू वेगात एकदम ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज वाढला आणि गाडी तशीच राहिली, म्हणजे क्लच घसरतोय. काही डिझेल गाड्यांत क्लचजवळ ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे धक्के शोषणारं दोन भागांचं चाक असतं. इंजिन बंद करताना खडखड आली तर क्लचच्या खर्चात तेही धरा. ऑटोमॅटिक असेल तर डी आणि आर मधे अदलाबदल करताना झटका येता कामा नये.

रिंग रोडवर ८० ला स्टेअरिंग थरथरतं का, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, हे पाहा.

टायर थांबून तपासा. बाजूला चार आकडे कोरलेले असतात. ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. नक्षी चांगली दिसते म्हणून सहा वर्षांचे टायर ठेवू नका, विशेषतः समृद्धीवरून जाणार असाल तर. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता, कारला १२० ची मर्यादा, खाली तापलेलं सिमेंट आणि गाडीत सात माणसं. जुना टायर तिथे दगा देतो. टायरवरचा लोड इंडेक्स, म्हणजे वजन पेलण्याचा आकडा, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरशी किंवा पुस्तिकेशी जुळवा. स्वस्तात बदललेले टायर मापाला बसतात, पण वजनाला कमी असतात. स्टेपनीही काढून पाहा. ती बऱ्याच सात सीटरमध्ये गाडीखाली टांगलेली असते आणि तिची साखळी गंजून जाम झालेली सापडते.

९. आपला मिस्त्री, आपले पैसे

विकणाऱ्यानं सुचवलेला मिस्त्री नको. स्वतःचा न्या, त्याची दिवसाची मजुरी द्या. शिवाय कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी लिफ्टवर चढवून तपासून घ्या आणि मालकाला सोबत नेऊन सर्व्हिस हिस्ट्री काढायला लावा. त्यात प्रत्येक वेळचं किलोमीटर असतं. एका गाडीचं २०२१ मध्ये ८८ हजार आणि आमच्यासमोर ६१ हजार होतं. विकणारा म्हणाला, "मीटर बदललं होतं." आम्ही नमस्कार करून निघालो.

विम्याच्या क्लेमचीही माहिती मागा. स्वच्छ गाडीचा मालक ती देताना कुरकुरत नाही.

१०. भाव आणि बयाणा

सापडलेल्या दुरुस्त्या लिहा, प्रत्येकीचा खर्च दुकानातून विचारून घ्या आणि तो कागद समोर ठेवा. "थोडं कमी करा न भाऊ" म्हणण्यापेक्षा "चार टायर, दोन बुश, मागची एसी पाइप" हे जास्त काम करतं. आम्ही घेतलेल्या २०१९ च्या डिझेल गाडीवर याच कागदामुळे ४२ हजार कमी झाले.

बयाणा लहान द्या, बँकेतून द्या, आणि ज्याचं नाव आरसीवर आहे त्याच्याच खात्यात. ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या: गाडी, चेसिस नंबर, ठरलेली रक्कम, थकलेली चलानं कोण भरणार, आणि पूर किंवा मोठा अपघात निघाला तर बयाणा परत. हे शेवटचं वाक्य माझ्या पहिल्या पावतीवर नव्हतं, त्याचीच दीड महिन्याची वणवण झाली.

आरसीवरचा मालक वारलेला असेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी होऊ द्या. "सगळ्यांची सही आणून देतो" यावर पैसे देऊ नका.

११. आरटीओचे कागद

- मूळ आरसी
- फॉर्म २९, दोन प्रती, विकणाऱ्याच्या सहीनं
- फॉर्म ३०, दोघांच्या सह्यांनी, चेसिस नंबरच्या पेन्सिल प्रिंटसह
- चालू विमा आणि पीयूसी
- दोघांचे आधार, पॅन, तुमचा पत्त्याचा पुरावा, फोटो
- बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५
- तुम्ही कर्ज घेत असाल तर फॉर्म ३४
- दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी
- सीएनजी असेल तर आरसीवर नोंद आणि टाकीच्या हायड्रो टेस्टचं (दाबाच्या चाचणीचं) प्रमाणपत्र, दर तीन वर्षांनी लागतं

विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवायचं असतं. बँकेच्या एनओसीला मुदत असते, तारीख पाहा. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन "नाव नंतर करू" म्हणणाऱ्यापासून दूर राहा. तोवर अपघात झाला तर कागदोपत्री मालक जुना, गाडी तुमच्या हातात, आणि दोघंही अडकता. ताबा घेताना तारखेसोबत वेळही लिहून दोघांनी सह्या करा. त्या मिनिटाआधीचं चलान त्यांचं, नंतरचं तुमचं.

१२. विमा आणि फास्टॅग

विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या. नाही केला तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, तुम्हाला मिळत नाही, तो त्या माणसाचा असतो, गाडीचा नाही. त्यामुळे फरकाचे पैसे भरावे लागतात. हिशेबात आधीच धरा. जुना फास्टॅग त्यांना बंद करायला सांगा आणि तो बंद झाल्यावरच तुमचा घ्या, कारण एका गाडीला एकच चालतो.

नवीन आरसी स्पीड पोस्टनं अर्जात दिलेल्या पत्त्यावरच येते. आमच्या अर्जात एजंटनं फ्लॅट नंबर चुकवला होता, कार्ड परत गेलं आणि ते सोडवायला गिरीपेठच्या आरटीओत दोन फेऱ्या झाल्या. सही करण्याआधी पत्ता आणि मोबाइल नंबर स्वतः वाचून घ्या.